पालकाची सही

सोलापूर जिल्ह्यातला एकही बाप आपली मुलगी आमच्याकडे पाठवायला तयार नव्हता, आणि त्यात त्या बापांची काडीची चूक नव्हती. माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, उमेदीची सगळी वर्षं दुसरा उद्योगच केला नव्हता. कुणाची मुलगी पाणवठ्यावरून पळव, कुणाची भर मांडवातून ओढून ने, कुणाच्या म्हाताऱ्या बापाला चाबकाने बडव, आणि हे सगळं झालं की कमरेवर हात ठेवून ते खर्जातलं, सावकाश चढत जाणारं हसणं हस. केशवराव वांगीकर हे नाव सिनेमाच्या बोर्डावर लागलं की जत्रेतल्या तंबूत माणसं मावत नसत, आणि तीच माणसं बाहेर पडताना त्यांच्या नावाने बोटं मोडत. बायकांनी त्यांना रस्त्यात शिव्या दिलेल्या मी स्वतः ऐकल्या आहेत. अण्णांना त्याचा कोण अभिमान! घरी येऊन ते आईला सांगत, "आज एका म्हातारीनं भर रस्त्यात चप्पल काढली माझ्यावर." आई पोळपाटावरून मान वर न करता म्हणे, "मारली असती तर बरं झालं असतं की."

अशा माणसाने एके दिवशी ठरवलं की आता अभिनय पुरे, खेड्यापाड्यातल्या मुलींनी शिकलं पाहिजे. शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरामागे एक बंद पडलेली मागाची शेड होती, ती त्यांनी घेतली, माग काढून टाकले, चुना लावला, खाटा टाकल्या आणि फुकट वसतिगृह सुरू झाल्याचं जाहीर केलं. हे काम त्यांनी का सुरू केलं याची मला सहा कारणं माहीत आहेत आणि सहाही त्यांनीच वेगवेगळ्या भाषणांत सांगितलेली आहेत. एकात दौऱ्यावर भेटलेली एक अनाथ मुलगी आहे, एकात त्यांची स्वतःची न शिकलेली बहीण आहे (त्यांना बहीण नव्हती), एकात चक्क स्वप्नदृष्टांत आहे. आईचं कारण सातवं होतं. ती म्हणायची, "गुडघे गेले. घोड्यावर बसता येईना. घोड्याशिवाय कोण घेणार यांना?" मला वाटतं खरं कारण कुठलंच नव्हतं. त्यांना एखादी गोष्ट डोक्यात आली की आली. पुढचं घरच्यांनी निस्तरायचं असा आमच्याकडे शिरस्ताच होता.

आता चौकात त्यांचा अर्धपुतळा आहे. खाली कोरलंय, "दीनांचे आधारवड, कनवाळू पितृतुल्य." भाजीला जाताना मला तो दिवसाआड दिसतो आणि मी दिवसाआड कपाळावर हात मारून घेते. पुण्यतिथी जवळ आली की वर्तमानपत्रातली मुलं-मुली फोन करतात, "ताई, वडील म्हणून ते कसे होते, दोन शब्द सांगा ना." दोन शब्दांत सांगण्यासारखं असतं तर इतकी वर्षं मी गप्प बसले असते का? म्हणून हे एकदाचं लिहून काढते आहे.

घर आमचं तसं लहान. पुढे सोपा, मधली खोली, मागे स्वयंपाकघर, मग फरशीचं अंगण, अंगणात धुण्याचा दगड, त्याला लागून छातीएवढी भिंत, आणि भिंतीपलीकडे ती शेड. सकाळी गिरणीचा भोंगा झाला की शेजारच्या गल्लीतले माग सुरू होत, त्या खटखटीच्या तालावर अण्णा न्हाणीघरात भाषणाची तालीम करत. "बंधूंनो आणि भगिनींनो" एवढं आम्हाला दारातून ऐकू यायचं, पुढचं पाण्यात जायचं. सिनेमात असताना त्यांना कुणी बोलवत नसे, कारण खलनायकाचा सत्कार कोण करणार? समाजकार्यात पडल्यावर मात्र सत्कारांचा नुसता पूर आला. प्रत्येक सत्कारात एक शाल आणि एक नारळ. शाली अण्णा परस्पर वाटून टाकत, नारळ मात्र घरी येत. सोलापूरच्या घरात जन्माला येऊन मला शेंगांच्या चटणीसाठी शेजारी जावं लागे, कारण आमच्याकडे बारा महिने खोबऱ्याची चटणी, खोबरं घातलेली आमटी, खोबऱ्याच्या वड्या आणि डोक्याला खोबऱ्याचं तेल. आई नारळ फोडताना दर वेळी सत्कार करणाऱ्या मंडळाचं नाव घेऊन कोयता घालायची. ज्वारीच्या भाकरीबरोबर ओलं खोबरं खाऊन पाहा, म्हणजे माझं बालपण कसं गेलं ते कळेल.

खाटा टाकून महिने गेले तरी एक मुलगी आली नाही. अण्णा गावोगाव फिरत होते. वळसंगला मारुतीच्या देवळापुढे त्यांनी तासभर भाषण केलं, माणसांनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि शेवटी पुढे बसलेला एक म्हातारा उठून म्हणाला, "ते समदं बराबर हाय. पन साहेब, एकदा ते हसून दाखवा की." अण्णांना नाही कुठलं म्हणता येतंय? हसले. लहान पोरं आयांच्या पदराआड पळाली, मोठ्यांनी टाळ्या पिटल्या. म्हाताऱ्याने डोळे पुसले आणि म्हणाला, "हसनं लई भारी. पोरगी मातुर न्हाय द्यायची." ही हकिकत अण्णांनी घरी येऊन आम्हाला करून दाखवली, म्हाताऱ्याच्या आवाजासकट. आई हसली नाही. तिने विचारलं, "मग हसायचं कशाला?"

मंद्रूपला जे घडलं ते मात्र त्यांनी करून दाखवलं नाही. तिथे आठवडी बाजारात शिवप्पा नावाच्या एका शेतकऱ्याने त्यांना उभ्या उभ्या एकच प्रश्न विचारला, "तुमची सोताची पोरगी कुटं ऱ्हाती?" त्या रात्री जेवताना अण्णांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि जाहीर केलं, "सोमवारपासून सुमन वसतिगृहात राहील."

"कुठल्या वसतिगृहात?" आईने विचारलं.

"आपल्या."

"आपल्या म्हणजे या भिंतीपलीकडच्या?"

"दुसरं कुठलं आहे आपलं?"

आईने हातातलं उलथणं तव्यावर आपटलं. "अहो, पोरीला घर आहे. आईबाप जिवंत आहेत. डोक्यात काय भुंगा शिरलाय का तुमच्या?" अण्णा शांतपणे जेवत होते. मी आठवीत होते, एकुलती एक होते आणि आपल्याला कुणी विचारेल या आशेने दोघांच्या तोंडाकडे पाहत होते. कुणी विचारलं नाही.

सोमवारी माझी पत्र्याची ट्रंक आणि सोलापुरी चादर घेऊन अण्णा मला पुढच्या दाराने बाहेर घेऊन गेले, गल्लीला वळसा घालून वसतिगृहाच्या फाटकातून आत आले. अंगणातून भिंतीवरून दिली असती तरी चाललं असतं, पण नाही, फाटकातूनच. फाटकावर गोदूबाई बसायच्या. त्यांच्याजवळ एक जाडजूड वही होती. तिच्यातले नियम अण्णांनीच घालून दिलेले होते आणि त्यातला मुख्य असा: मुलीला जो दाखल करेल त्यानेच तिला न्यायचं, आणि कायमचं नेताना पालकाच्या रकान्यात लिहायचं, "मुलगी सुखरूप ताब्यात मिळाली," खाली सही नाहीतर अंगठा. कुणी मामा, कुणी चुलता अचानक उगवून पोरीला लग्नासाठी उचलून नेऊ नये म्हणून हे. शिवाय पडद्यावर इतक्या मुली पळवलेल्या माणसाला एकेक मुलगी लेखी परत द्यायची होती. नियम चांगला होता, हे मी आजही मानते. अण्णांनी ऐटीत सही केली: दाखल करणार, केशवराव वांगीकर. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "नीट राहा. इथं मला अण्णा म्हणायचं नाही, सगळ्या जणी साहेब म्हणतील तसं साहेब म्हणायचं." आणि वळसा घालून घरी गेले.

पंधरा दिवसांत शिवप्पा आले. माझी खाट पाहिली, गादी दाबून पाहिली, मला दोनदा विचारलं, "खरंच तुजा बा का तो?" आणि पुढच्या आठवड्यात त्यांनी महानंदाला आणून सोडलं. तिच्यामागून वळसंगच्या दोघी आल्या, आणखी कुठकुठल्या आल्या, दिवाळीपर्यंत सोळा खाटा भरल्या. महानंदा माझ्या शेजारच्या खाटेवर. अंगाने काटकुळी, बोलताना मध्येच कानडी शब्द यायचे, गणितात मात्र अशी की बाई फळ्यावर उदाहरण लिहून होईपर्यंत हिचं उत्तर तयार. मला गणित येत नव्हतं. तिने मला ते रागावून रागावून शिकवलं.

माझी खाट भिंतीच्या बाजूला होती, हे माझं दुर्दैव. आई पलीकडे भाकरी थापायची ती थाप मला ऐकू यायची. फोडणीचा वास यायचा. पाहुणे आले की कपबश्या वाजायच्या आणि मी इकडे ताटलीत पातळ आमटी घेऊन रांगेत उभी. आमटीत खोबरं होतंच, ते तिकडून सुटलं नाही. दर रविवारी भेटीचा दिवस असायचा. बाप, आया, भाऊ फडक्यात भाकऱ्या, धपाटे, कुणी ज्वारीचा हुरडा बांधून येत, वसतिगृहाच्या अंगणातल्या झाडाखाली आपापल्या लेकीला घेऊन बसत. आईला यायची मनाई नव्हती, पण रविवारी आलेल्या सगळ्या पाहुण्यांचा चहा तिच्याच गळ्यात असायचा, तिचं डोकं वर निघत नसे. आणि अण्णा? अण्णा त्या दिवशी सगळ्या अंगणातून फिरत. ज्या मुलीला भेटायला कुणी आलं नसेल तिच्याजवळ मुद्दाम बसत, तिची वही पाहत, तिला हसवत. माझ्यासमोरून जाताना थांबून म्हणत, "काय गं, बरी आहेस ना?" अगदी सगळ्यांना म्हणत त्याच आवाजात. मी म्हणायची, "हो साहेब." माझ्याकडे कुणीच येत नाही हे त्यांच्या लक्षात कसं येत नव्हतं? की ज्यांना कुणीच नाही अशांत माझी गणती करता येत नव्हती, कारण माझे पालक तिथेच तर फिरत होते? आज सत्तरीला टेकलेय तरी या विचाराने माझं डोकं फिरतं.

पुढच्या संक्रांतीनंतरच्या रविवारी मी भिंतीवरून उडी मारली. ठरवून नाही. आईने त्या दिवशी शेंगापोळ्या केल्या होत्या. अण्णा गावाला जाणार होते, नारळांचा साठा संपला होता, आणि आमच्या घरात कित्येक महिन्यांनी भाजलेल्या शेंगांचा आणि गुळाचा वास सुटला होता. इकडे सगळ्या जणी झाडाखाली आपापल्या माणसांत. मी भिंतीवर चढले, पलीकडे धुण्याच्या दगडावर उतरले आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले. आईने पाट मांडला, ताट केलं, गरम पोळीवर तूप सोडलं. मी दुसरी पोळी मोडत होते तेवढ्यात सोप्यातून अण्णांचा आवाज आला, "या शिवप्पा, चहा तरी घेऊन जा." त्यांचं गावाला जाणं रद्द झालं होतं. असं त्यांचं नेहमी व्हायचं आणि घरी कधीच कळायचं नाही.

शिवप्पा पाणी मागत थेट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले. मी पाटावर. तोंडात घास. आई माझ्या पाठीवर हात ठेवून बसलेली. त्यांनी मला पाहिलं, ताट पाहिलं, आईचा तो हात पाहिला.

"हितं जेवती व्हय ही?"

त्यांच्यामागे अण्णा येऊन थांबले.

"साहेब, मी इच्यारतोय. तुमची लेक आत ऱ्हाती म्हनलासा. हितं घरात पोळी खाती ती. मंग आमाला काय नाटक दावलासा व्हय?"

आता पाहा, हा माणूस कितीतरी सिनेमांत, डोळ्याला डोळा भिडवून, शपथेवर खोटं बोललेला. बैल चोरून बैलाच्या मालकालाच चोर ठरवलेला. एक वाक्य बोलायचं होतं: आज तिला बरं नाही, म्हणून आणलीय. आई ते वाक्य बोलायला तोंड उघडत होती. अण्णांनी हाताने तिला थांबवलं आणि स्वतः नुसते उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच अभिनयाची गरज होती आणि नेमका तेव्हाच या गृहस्थांना खरेपणाचा झटका यावा!

दुपारपर्यंत शिवप्पांनी गोदूबाईंच्या वहीत अंगठा उठवला, मुलगी सुखरूप ताब्यात मिळाली, आणि महानंदाला घेऊन गेले. तिने जाताना माझ्याकडे पाहिलंही नाही. तिच्यामागे आणखी चौघींच्या ट्रंका निघाल्या. अण्णा मला रागावले असते तर मी रडून मोकळी झाले असते. ते मला एवढंच म्हणाले, "तू आता घरीच राहा." हेच तर मला हवं होतं. मी माझ्या जागेवर झोपले, आईच्या हातचं जेवले, आणि चौथ्या दिवशी वळसंगच्या एका मुलीने भिंतीवरून मला सांगितलं की महानंदाला तिच्या मामाला द्यायचं ठरतंय. मामाची पहिली बायको वारली होती. महानंदा चौदा वर्षांची होती.

मी अण्णांना म्हटलं, "चला मंद्रूपला." ते म्हणाले, "माझं तोंड नाही तिथं जायला." मी म्हटलं, "तोंड नसू दे. बसमध्ये सोबत म्हणून चला." त्यांच्याशी अशा आवाजात मी पहिल्यांदाच बोलले होते. गुपचूप चप्पल घालून निघाले बिचारे.

एसटीत कंडक्टरने त्यांना ओळखलं आणि हसून दाखवायला सांगितलं. अण्णांनी मान हलवली. हसायला नकार दिलेला मी तेवढा एकदाच पाहिला. मंद्रूपला शिवप्पांच्या घरी कट्ट्यावर घोंगडं टाकलेलं होतं, त्याच्या कडेला अण्णा टेकले. गल्लीतली पोरं लांबून पाहत होती. महानंदा आत चुलीपुढे होती, बाहेर आली नाही. शिवप्पांनी अण्णांकडे पाहिलंसुद्धा नाही. मी उभीच राहिले आणि आठवून आठवून तयार केलेलं भाषण विसरून म्हणाले, "काका, चूक माझी आहे. मला घरची आठवण आली म्हणून मी भिंतीवरून गेले. यांना माहीत नव्हतं. इतक्या महिन्यांत त्या एका दिवसाशिवाय मी घरी जेवले नाही."

"एक दिस म्हंजे?"

"एकच. आईशप्पथ."

शिवप्पांनी आत चुलीकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "आमच्या पोरीला बी घरची आटवन येती की. ती कुटं उडी मारंल?"

मी म्हटलं, "महानंदा मॅट्रिक पास होईपर्यंत मी आत राहीन. सुट्टी लागली तरच घरी, तीसुद्धा ती तुमच्याकडे येईल तेव्हाच. ती जे खाईल ते मी खाईन."

"तुज्या बाचा मला भरवसा न्हाय," शिवप्पा अण्णांच्या देखत म्हणाले. "सिनेमावाला मानूस. कवा काय करंल सांगता येत न्हाय. पन तू सबूद देतीस?"

"देते."

"मोडलीस तर?"

"तर महानंदाला घेऊन जा. आणि मी पण शाळा सोडते." हे मी काय बोलून बसले ते मला बसमध्ये परत येताना कळलं.

आतून भांडं पडल्याचा आवाज आला. महानंदा दारात उभी होती, हाताला पीठ. शिवप्पांनी तिच्याकडे पाहून कानडीत काहीतरी विचारलं. ती म्हणाली, "हौदु." म्हणजे हो. एवढाच एक कानडी शब्द मला तोपर्यंत येत होता, आणि तो ऐकून मी तिथेच कट्ट्यावर बसले.

परतीच्या बसमध्ये महानंदा आमच्यामध्ये बसली होती. अण्णा खिडकीबाहेर पाहत होते. मध्येच म्हणाले, "सुमन, चांगलं बोललीस." मला वाटलं, आता तरी काही म्हणतील. म्हणाले, "आवाज मात्र थोडा खालून लावायला हवा होतास."

मॅट्रिक होईपर्यंत मी त्या भिंतीकडे वर मान करून पाहिलं नाही. त्यातला एक रविवार तेवढा सांगते. भेटीच्या वेळी फाटकावर कसलासा गलका ऐकू आला म्हणून आम्ही पाहायला गेलो, तर गोदूबाई अण्णांना रांगेत उभं राहू देत नव्हत्या. अण्णा इतर पालकांच्या रांगेत हातात डबा घेऊन उभे होते आणि गोदूबाई म्हणत होत्या, "साहेब, तुमी रांगंत कशाला? आत या की." अण्णा म्हणत होते, "मी साहेब म्हणून नाही आलो. मुलीला भेटायला आलोय." आले. झाडाखाली माझ्याजवळ मांडी घालून बसले, गुडघे दुखत होते तरी. डबा उघडला. शेंगापोळ्या! आणि मी हात पुढे करते तोच त्यांना कोपऱ्यात एकटी बसलेली एक नवी मुलगी दिसली. "इकडे ये गं," म्हणून त्यांनी तिला बोलावलं, मग तिच्यासारखी आणखी एक आली, महानंदा होतीच, आणि माझ्या वाट्याला अर्धी पोळी आली. अर्धी! वसतिगृहातल्या सगळ्या वर्षांत माझ्या बापाची माझ्यासाठी म्हणून झालेली ती एकमेव भेट, आणि तीही त्यांनी वाटून टाकली.

महानंदा मॅट्रिकला शाळेत पहिली आली. मी पास झाले. त्या दिवशी सगळ्यांचे पालक आले, वहीत लिहिलं, सह्या केल्या, अंगठे उठवले, शिवप्पांनी तर अंगठा दोनदा उठवला, आणि सगळ्या जणी गेल्या. मी ट्रंकेवर बसून राहिले. अण्णा दुसऱ्या गावी व्याख्यानाला गेले होते. व्याख्यानाचा विषय होता पालकांची जबाबदारी. खोटं वाटेल, पण आईने ती निमंत्रणपत्रिका पुढे कित्येक वर्षं देवघरात जपून ठेवली होती, टोमणा म्हणून. नियमाप्रमाणे दुसऱ्या कुणाच्या सहीवर गोदूबाई मला सोडेनात. शेवटी आईने संध्याकाळी धुण्याच्या दगडावर उभं राहून हात पुढे केले, मी ट्रंक भिंतीवरून तिच्याकडे दिली आणि मागोमाग उतरले. वहीत माझ्या नावापुढचा रकाना कोराच राहिला. कागदोपत्री मी अजून आतच होते.

पुढे मी शिक्षिका झाले, लग्न झालं, नवऱ्याच्या बदल्यांबरोबर फिरले, आणि आई गेल्यावर अण्णांना पाहायला म्हणून आम्ही पुन्हा शुक्रवार पेठेत येऊन राहिलो. महानंदा कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झाली आणि वसतिगृहाची व्यवस्थापक म्हणून परत आली. तिथे आता तीन मजले आहेत, मुलींच्या हातात मोबाइल आहेत आणि भिंत कधीच पाडलेली आहे. सहीची आठवण मी अण्णांना दर दोन-तीन वर्षांनी करून देत असे. ते म्हणत, "करू की. घाई काय?" शहरातल्या प्रत्येक पोराच्या वहीवर, एसटीच्या तिकिटावर, कुणाच्या प्लॅस्टरवर त्यांनी सह्या केल्या. माझ्यासाठी सवड होईना.

शेवटच्या आजारपणात ते मधल्या खोलीत खाटेवर होते. आवाज जेमतेम फुटत होता, हसणं तर केव्हाच गेलं होतं. एके दुपारी मी चिडून, हो, चिडूनच, महानंदाकडे गेले आणि म्हटलं, "ती जुनी वही काढ." ती वही घेऊन स्वतः आली. मी पान उघडून अण्णांच्या छातीवर ठेवलं, चष्मा लावून दिला, हातात पेन दिलं. त्यांनी ती ओळ ओठ हलवत वाचली. मुलगी सुखरूप ताब्यात मिळाली. मग माझ्याकडे पाहिलं.

"सुखरूप?" त्यांनी विचारलं.

पन्नास वर्षं मी या प्रश्नाची वाट पाहत होते. उत्तर तोंडपाठ होतं, सगळं, आमटीपासून अर्ध्या पोळीपर्यंत. महानंदा खाटेच्या पायाशी उभी होती, पांढरे केस, हातात वसतिगृहाच्या किल्ल्या. मी म्हटलं, "हो. लिहा."

खूप वेळ लागला. लिहून झालं तसं मी वही घेऊन पाहिलं आणि माझा संताप संताप झाला. पालकाच्या रकान्यात, सवयीने त्यांनी लिहिलं होतं, "शुभेच्छांसह, केशवराव वांगीकर."

"अण्णा!" मी ओरडले. "ही सही चाहत्याला द्यायची नाही. ही बापाची आहे. बापाने मुलीला घेऊन जायची!"

त्यांनी डोळे मिटले होते. मला वाटलं, झोप लागली. मग त्यांनी चादरीतून हात बाहेर काढला, माझं मनगट धरलं आणि वहीत सही करून लेकीला न्यायला उठणारे ते सगळे बाप जे म्हणत तेच म्हणाले.

"चल, घरी जाऊ."

घरातच होतो आम्ही. तरी मी उठून चप्पल घातली.